ऐनफाट्यावरचं इरलं

ऐनपाडा, ता. जव्हार
११ ऑगस्ट २०२५

साखरशेतच्या, पोशेऱ्याच्या, ऐनपाड्याच्या आणि मधल्या सगळ्या पाड्यांवरच्या आयाबायांनो,

तुमच्यापैकी जिचं मूल एखाद्या पावसाळ्यात हातातून गेलं, तिला मी हे लिहिते आहे. मूल गेलं ते दुःख तिचं एकटीचं. पण त्यानंतर जो घाव बसला, तो आपल्या सगळ्यांवर बसला. मूल पुरल्यावर शहाणी माणसं आली आणि त्यांनी लिहून नेलं की आईनं हयगय केली. आई अडाणी. आई नशेत होती. आईला पोराची किंमत नाही. कुणी अहवालात लिहिलं, कुणी सभेत सांगितलं, आणि एका माणसानं त्याचं पुस्तक करून वर पारितोषिक घेतलं. तेव्हा आपण वाचत नव्हतो, म्हणून आपल्याला कळलं नाही. आता आपल्या मुली वाचतात आणि घरी येऊन आपल्याच तोंडाकडे बघतात.

ते पुस्तक 'भिजल्या डोंगरांची हाक'. लेखक जव्हारचे लक्ष्मणराव तांबोळकर. तेच पादुका मठाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष, आणि तेच आता जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभे राहणार आहेत. त्यांच्या पुस्तकात जी आई मोहाची दारू पिऊन झोपडीत पडली आहे ती माझी आई, काळी बारक्या भोये. जे मूल मरतं तो माझा भाऊ सुकऱ्या. तो गेला तेव्हा दीड वर्षाचा होता आणि मी जन्मायची होते.

ब्याण्णव साली कुपोषणानं मुलं गेली तेव्हा वावर-वांगणीची नावं पेपरात आली. आमच्या पाड्याचं नाव कुठं आलं नाही. आईनं आम्हाला ती गोष्ट सांगितली होती, पण तिला त्या साहेबाचं नाव ठाऊक नव्हतं. ती त्याला 'पादुकावाला' म्हणायची. यंदा जूनमध्ये मी वर्गात तो धडा वाचला आणि मला संशय आला. मग मी त्यांना पत्र लिहिलं. मी कोण हे त्यात लपवलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

आई आता थकली आहे. तिला जायच्या आधी दोन गोष्टी हव्या आहेत: तिचं इरलं, आणि तिच्यावरचं ते वाक्य पुसलेलं. पत्रं खाली जशीच्या तशी देते. जिला वाचता येतं तिनं बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवावी. शेवटी एक काम सांगितलं आहे, ते ऐकल्याशिवाय कुणी उठू नये.

---

२१ जून २०२५

आदरणीय लक्ष्मणराव तांबोळकर सर,

सादर नमस्कार. मी आश्रमशाळेत सातवीला मराठी शिकवते. आमच्या पूरक वाचनात तुमच्या पुस्तकातला 'माझ्या मांडीवरचं बाळ' हा उतारा आहे. काल तो वर्गात घेतला. भर पावसात तुम्ही पाड्यावर गेलात, झोपडीत आई नशेत निपचित पडलेली, शेजारी तापानं फणफणलेलं मूल. ते तुम्ही स्वतःच्या इरल्याखाली घेतलंत, जीपमधून जव्हारकडे निघालात, आणि दवाखाना दिसायच्या आत त्यानं तुमच्या मांडीवर मान टाकली. तुमची भाषा अशी आहे की मागच्या बाकावरची मुलंही गप्प बसली.

मग चैती नावाची मुलगी उठली. म्हणाली, "बाई, पोराचं नाव काय होतं?" मला सांगता आलं नाही, पुस्तकात नाही. तिच्या शेजारची म्हणाली, "आई शुद्धीवर आली तवा काय बोलली?" तेही नाही. तिसरी पुस्तक मिटून खाली बघत बसली. तिचाही धाकटा भाऊ गेल्या वर्षी गेला आहे.

मुलींना काय सांगू? तुम्ही त्या आईला पुन्हा कधी भेटलात का? आणि ते इरलं अजून आहे का? मुलींना ते बघायची फार उत्सुकता आहे.

आपली वाचक,
प्रगती भोये

---

जव्हार
२९ जून २०२५

प्रिय प्रगतीताई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रानं डोळे पाणावले. पुरस्कार पुष्कळ मिळाले, शाली ठेवायला कपाट पुरत नाही, पण डोंगरातल्या एका शिक्षिकेचं पत्र मला त्या सगळ्यांहून मोठं.

मुलींच्या प्रश्नांविषयी. बाळाला नाव दिलं नाही ते मुद्दाम. नाव दिलं की ते एका घरचं होतं, नाव नसलं की ते सगळ्या मानवजातीचं होतं. साहित्यात हे भान ठेवावं लागतं. त्या माउलीला मी पुन्हा भेटलो नाही. भेटून काय बोलणार? मी तिला दोषही देत नाही. उपाशी पोटी मोह लवकर चढतो. पण लेखकाची बांधिलकी सत्याशी असते आणि सत्य कटू असलं तरी लिहावं लागतं. मुलींना सांगा, त्यांनी व्यसनांपासून दूर राहावं, हाच त्या धड्याचा बोध.

इरलं आहे. माझ्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत जपून ठेवलं आहे. पानं केव्हाच झडून गेली, नुसता बांबूचा सांगाडा उरला आहे, पण पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून हात जोडतात. सोबत फोटो पाठवतो. वर्गात लावा.

राजकारणाशी माझा संबंध नाही, मी त्याला कधी शिवलो नाही. पण परवा काही मंडळी घरी आली आणि म्हणाली, अण्णा, तुमच्यासारख्यानं मागं राहून कसं चालेल. लोकांचा आग्रह मोडवत नाही. तुमच्या भागात माझं पुस्तक कितपत वाचलं जातं, हे जरा कळवाल का?

तुमचा,
लक्ष्मणराव

---

६ जुलै २०२५

आदरणीय सर,

फोटो मिळाला. खूप वेळ बघत होतो आम्ही. वर्गात लावण्याआधी मी तो घरी नेला, कारण आमच्याकडे इरली विणणारी जुनी माणसं आहेत आणि त्यांना अशा वस्तूचं कौतुक वाटतं. त्यांनी विचारलं की हे कुणी विणलं. इतकी वर्षं सांगाडा टिकला म्हणजे विणणारा हात चांगला होता म्हणाले. तुम्ही ते कुठून घेतलंत?

तुमचं पुस्तक इथं घराघरांत पोचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी एक विनंती. गोपाळकाल्याला, शनिवारी १६ ऑगस्टला, दरवर्षीप्रमाणे पादुका जव्हारहून मठात येतील. मठाचा रस्ता आमच्या ऐनफाट्यावरूनच जातो. यंदा तुम्ही येताना ते इरलं घेऊन यावं आणि फाट्यावर थांबून बायकांना दाखवावं. ज्या डोंगरातलं ते आहे, त्या डोंगराला त्याचं दर्शन होऊ द्या. बायका जमवण्याचं काम माझं. सभेत बोलायची मला सवय आहे, माझं बोलणं ऐकायला लोक येतात.

प्रगती भोये

---

जव्हार
१५ जुलै २०२५

प्रिय प्रगतीताई,

तुमची कल्पना मला इतकी आवडली की मी त्याच दिवशी मंडळींना बोलावून कार्यक्रम ठरवून टाकला. पत्रिका छापायला गेली आहे. वरती पादुकांचं चित्र, खाली इरल्याचं. भक्ती आणि करुणा, दोन्ही एका पत्रिकेवर. ठाण्याहून दोन फोटोवाले आणि एक चॅनेलवाला येणार आहे.

काही सूचना. फाट्यापासून मठापर्यंत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, स्त्रिया उभ्या असाव्यात. चारशे तरी हव्यात. कडेवर मुलं असलेल्या पुढे घ्याव्यात, त्यानं चित्र चांगलं येतं. प्लास्टिकच्या छत्र्या नकोत, फोटोत वाईट दिसतात. ज्यांच्याकडे इरली असतील त्यांनी ती आणावीत. मी गाडीत पुढच्या सीटवर असेन, मांडीवर इरलं, मागं पादुका. गाडी अगदी सावकाश चालेल, म्हणजे प्रत्येकीला दर्शन होईल. काच खाली ठेवीन. प्रत्येकीशी दोन शब्द बोलायची माझी तयारी आहे.

इरलं मी जव्हारच्या आठवडे बाजारातून घेतलं होतं, त्या पावसाळ्याच्या सुरवातीला. विणणारा कुणी गरीब कारागीर असणार.

ऐनफाटा म्हणालात आणि सगळं डोळ्यांपुढं आलं. ते मोठं ऐनाचं झाड अजून आहे का? त्याच्याखाली ती बाई उभी होती, पोर छातीशी धरून, पदर पिळत. ते चित्र तीस वर्षं माझा पाठलाग करतं आहे.

तुमचा,
लक्ष्मणराव

---

मोखाडा
२४ जुलै २०२५

प्रगती बाय,

तुझी चिठ्ठी मिळाली. मला लिवता येत नाय. माझी सून कविता लिवते, मी बोलतो तसं लिव असं तिला सांगितलंय.

तू विचारलंस, ब्याण्णवला मठाची जीप कोण चालवत व्हता. मीच. सखा. सहा वर्सं चालवली. त्या दिवशी काला व्हता. साहेब तवा काही मोठा नव्हता, मठाची कामं बघायचा अन् वहीत लिवत बसायचा. पादुका मागच्या सीटवर, पाटावर, रेशमी कापडात. जीपचं छप्पर फाटलेलं. पाऊस असा की वायपर चालून उपेग नाय.

फाट्यावर ऐनाखाली तुझी आय उभी. हात केला. मी थांबवली. गाडीला हात केला तर थांबायचं, एवढंच मला ठाव. ती बोलली, साहेब, पोर गरम हाय, डोळं फिरवतो, जव्हारला न्या. साहेब बोलला, गाडी मठात चाललीय, अन् आत पादुका हायत. आजारी पोर पादुकांशेजारी बसवता येत नाय. मी बोललो, साहेब, तीन किलोमीटर मठ, पादुका उतरू अन् पोराला न्यायला परत येऊ. साहेब बोलला, बरं, तसं करू. मग मागं वळून बघितलं. पादुकांवर पाणी गळत व्हतं. तर तिला बोलला, इरलं दे. गाडी पाठवतो तवा देतो परत.

तिनं दिलं नाय, बाय. ती इचार करत व्हती. डोक्यावर इरलं, खाली पोर. साहेब मला बोलला, सखा, घे. मी उतरलो अन् तिच्या डोक्यावरनं काढून घेतलं. ह्या हातांनी. पोर भिजायला लागलं तसं रडलं. रडलं म्हंजे आवाज नाय निघाला, तोंड उघडलं नुसतं.

(बाबा इथं उठले. चहा घेऊन पुन्हा सांगायला बसले. कविता.)

मठात पादुका उतरवल्या. मी बोललो, साहेब, जातो. साहेब बोलला, आधी महाराजांना मठापल्याडच्या बाजारातनं फळं आणायचीत, मंग तिकडचं पाव्हणं आरतीला आणायचंत. मी दोन डाव बोललो. तिसऱ्या डाव बोललो असतो तर काढून टाकला असता. नोकरी व्हती माझी, पोरं लहान व्हती. मी नाय गेलो. संध्याकाळी सुटलो तवा फाट्यावर गेलो. ऐनाच्या मुळाशी दगड रचलेलं, पोर पुरल्यावर रचतात तसं. ओलं. तिथं कोणी नव्हतं.

कविता बोलते, बाबा, सही करा. मला सही येत नाय, अंगठा देतो. पायजे तर तिथं येतो. लोकांपुढं बोलतो. आय मला दगड मारेल तर मारू दे.

सखा (डावा अंगठा)

---

ऐनपाडा
३० जुलै २०२५

लक्ष्मणराव तांबोळकर यांस,

आता 'आदरणीय' लिहीत नाही, आणि नमस्कारही करत नाही.

मी काळीची मुलगी. त्या पोराचं नाव सुकऱ्या. शुक्रवारी जन्मला म्हणून सुकऱ्या. तुम्ही म्हणता नाव नसलं की ते मानवजातीचं होतं. नाही. नाव नसलं की ते चोरता येतं.

तुमच्या पुस्तकात आई झोपडीत नशेत पडली आहे. तुमच्या पंधरा जुलैच्या पत्रात ती ऐनाखाली उभी आहे, पदर पिळत. छापलेलं पुस्तक तुम्ही दहा वेळा तपासून घेतलं असेल. पत्र लिहिताना मात्र डोळ्यांनी पाहिलेलं लिहून गेलात. दोन्ही कागद माझ्याकडे आहेत.

आणि इरलं. आई चुलीपाशी नाचणीची भाकर थापत होती. मी फोटो पुढं धरला आणि काही सांगितलं नाही. तिनं हात पदराला पुसले, फोटो उजेडाकडे नेला, बोट काठावरून फिरवलं आणि म्हणाली, "हा तुझे बाचा हात." माझा बा डावरा होता. आमच्या साऱ्या टापूत इरल्याची वीण उजवीकडे वळते. एका बारक्या भोयेची डावीकडे वळायची. लोक त्याला हसायचे, म्हणायचे, बारक्याच्या इरल्यावर पाऊसपण उलटा पडतो. तुमच्या काचेच्या पेटीतली वीण डावीकडे वळते. बा बाजारात कधी विकायला बसला नाही. तो घरापुरती विणायचा. त्यानं आईला एकच विणून दिलं होतं आणि ते तुम्ही नेलंत. त्या दिवशी बा तापानं पडून होता. बरा झाल्यावर त्यानं इरलं विणलं नाही, मरेपर्यंत नाही. आई पावसात घोंगडी घेऊन जायची.

तीस वर्षं त्या पेटीपुढं पाहुणे हात जोडतात आणि तुम्ही शेजारी उभे राहता. चोराला चोरीची वस्तू लपवायची अक्कल असते. तुम्हाला तेवढीही भीती वाटली नाही, कारण हे इरलं ओळखणारं कुणी तुमच्या दिवाणखान्यात येईल असं तुमच्या स्वप्नातही नव्हतं.

मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. जव्हारच्या वाचनालयातलं एकही कपाट सोडलं नाही. खोटं लिहिणारे लेखक मला ठाऊक आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. गोष्ट रचून सांगणं हा त्यांचा धंदा आहे. तुम्ही गोष्ट रचली नाहीत. तुम्ही घडलेली गोष्ट घेतलीत आणि आतली माणसं बदललीत. जो बसून राहिला त्याला धावायला लावलंत, आणि जी दिवसभर पावसात उभी राहिली तिला झोपवलंत. मग त्याच पुस्तकावर उभं राहून मठाचं अध्यक्षपद घेतलंत, आता त्याच्यावरच मतं मागणार आहात. लिहिताना देवाची भीती नाही, देवळात लोकांची लाज नाही, आणि लोकांपुढं जाताना दोन्ही पिशवीत घालून ठेवलेली.

मागणं दोन. सोळा तारखेला फाट्यावर, तुम्हीच बोलावलेल्या चॅनेलवाल्यापुढं, खरं काय ते सांगा. आणि इरलं आईच्या हातात द्या.

आईला विचारलं की आणखी काय सांगू. म्हणाली, "माझा इरला आन. बाकीचा तू बोल." बाकीचं मी बोलले.

प्रगती बारक्या भोये

---

जव्हार
५ ऑगस्ट २०२५

कु. प्रगती,

तुझं पत्र वाचून राग आला नाही, कीव आली. तरुण वयात वाचन जास्त झालं आणि मार्गदर्शन कमी पडलं की असं होतं.

एका अडाणी बाईच्या आठवणीवर आणि एका पेन्शन नसलेल्या ड्रायव्हरच्या बडबडीवर (होय, सखा कुणाकुणाकडे बोलतो ते माझ्या कानावर येतं) तू एका माणसाचं आयुष्यभराचं काम मातीत मिळवायला निघालीस. विणीचे वेढे डावीकडे का उजवीकडे, हा पुरावा घेऊन कोर्टात जाशील तर लोक हसतील. माझ्याकडे वकील आहेत. तुझ्याकडे तासिका तत्त्वावरची नेमणूक आहे, आणि ती दरवर्षी नव्यानं मंजूर करावी लागते, हे तू विसरली नसशील.

तरीही मी मोठ्या मनानं विचार केला. समजा, क्षणभर समजा, की त्या दिवशी ते इरलं घेतलं. ते कशासाठी घेतलं? पादुकांसाठीच ना? मग त्यात तुझ्या आईचंही पुण्यच आहे. असं पुण्य भल्याभल्यांच्या वाट्याला येत नाही. मूल वाचणार नव्हतंच. त्याच्याकडे बघूनच कळत होतं. निदान पादुका तरी कोरड्या पोचल्या. आणि पुस्तकात मी जे लिहिलं त्यामुळे सरकार हललं, अंगणवाड्या आल्या, पोषण आहार आला. एका बाईच्या नावाला थोडा डाग लागून हजार मुलं वाचली असतील तर तो डाग तिनं आनंदानं लावून घ्यायला हवा. मोठ्या कामात असं होतं.

तुझ्या आईसाठी मठातर्फे साडीचोळी आणि श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरून पाठवतो. तुझी नेमणूक कायम करण्याबद्दल मी वर शब्द टाकू शकतो. त्या बदल्यात एवढंच, की सोळा तारखेचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे व्हावा. पत्रिका वाटून झाल्या आहेत, आमदार येणार आहेत, चॅनेलवाल्याला वेळ दिली आहे. जव्हारहून मठाला दुसरा रस्ता नाही आणि पादुकांना वाट सोडायची नसते. मी येणारच. मांडीवर इरलं असेल. तू बायका उभ्या कर, जशा सांगितल्या तशा.

हे पत्र वाचून फाडून टाक.

लक्ष्मणराव तांबोळकर

---

आयाबायांनो, वाचून झालं. मी ते पत्र फाडलं नाही. त्याच्या पन्नास प्रती काढल्या, त्यातली एक आता तुमच्या हातात आहे. चैतीनं आणि वर्गातल्या मुलींनी त्या आश्रमशाळेच्या झेरॉक्स यंत्रावर काढायला मदत केली. ज्या मुलीनं पुस्तक मिटलं होतं ती प्रत्येक प्रतीची घडी घालत होती.

मी आईला ते पत्र वाचून दाखवलं. 'पुण्य' म्हणाले तिथं ती हसली. हसत हसत म्हणाली, "सुकऱ्याला इचारा, किती कोरडा ऱ्हायला." मग मांडीवरची नाचणी पाखडायला लागली. पण काल सकाळी उठून ती एकटीच फाट्यावर गेली आणि ऐनाखाली उभी राहून आली. आता तिथं दगड नाहीत. रस्ता रुंद झाला तेव्हा ते डांबराखाली गेले. ऐन राहिला आहे.

तुमच्यापैकी काहीजणी म्हणाल्या, गाडी फोडू. काही म्हणाल्या, आडवं पडू. पांड्याच्या आईनं तर शेण कालवून ठेवते म्हणून सांगितलं. मला तुमचा राग कळतो, माझा तुमच्यापेक्षा कमी नाही. तीस वर्षांचा राग आहे, तो शेणावर संपवायचा नाही. दगड मारलात तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ते जखमी संत होतील आणि आपण पुन्हा नशेतल्या बाया. आडवं पडलात तर पोलिस उचलतील आणि पादुकांना वाट मिळेल. त्यांना आपण तेच द्यायचं जे त्यांनी मागितलं आहे. चारशे बायका, दोन्ही बाजूंना, कडेवर पोरं असलेल्या पुढं, छत्र्या नाहीत. गाडी सावकाश. काच खाली. प्रत्येकीशी दोन शब्द बोलायची त्यांची तयारी आहे, त्यांनीच लिहिलं आहे.

मोखाड्याहून सखा येतो आहे. तो आईच्या बाजूला उभा राहील. आईनं त्याला दगड मारणार नाही असा निरोप पाठवला आहे. "हातात इरला न घेता ये," एवढंच म्हणाली.

माझी नेमणूक जाईल. ती त्यांनी दिली नव्हती आणि त्यांच्याकडून ती मला वाचवून घ्यायचीही नाही. त्यांच्या शेवटच्या पत्राला मी उत्तर पाठवलेलं नाही. उत्तर तुम्ही आहात.

शनिवारी, सोळा तारखेला, सकाळी नऊला ऐनफाट्यावर या. घोषणा देऊ नका, शिवी देऊ नका, रस्ता अडवू नका. झाडाखाली पहिली आई असेल, उघड्या डोक्यानं. तिच्यापुढं मठापर्यंत तुम्ही सगळ्या. गाडी आईपाशी येईल तेव्हा ती हात करेल आणि म्हणेल, "साहेब, पोर आजारी हाय, जव्हारला न्या." त्यांना काय म्हणायचं ते म्हणू द्या, कॅमेऱ्यापुढं म्हणू द्या. मग गाडी पुढच्या बाईपाशी येईल. तीही हात करेल आणि तेच म्हणेल. मग तिच्या पुढची. तीन किलोमीटर. ज्या माणसानं एका बाईला एकदा 'नाही' म्हणून पुस्तक लिहिलं, त्याला चारशे वेळा 'नाही' म्हणू दे, मांडीवर ते इरलं घेऊन आणि मागं कोरड्या पादुका ठेवून. आणि त्यानं कुणाला 'या' म्हटलंच, तर लाजू नका. दार उघडा, पादुकांशेजारी बसा, आणि गाडी जव्हारकडे वळवायला सांगा.

तेवढंच करायचं आहे. गाडी आली की हात करा.